स्पेशियलमध्ये ४ स्टेन आले म्हणून आर्किटेक्चर सोडायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी दहावीत आहे, एका सेंटरवर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट करून घेतली, बाकी सगळीकडे ६, ७, ८ स्टेन (१ ते १० च्या पट्टीवर इतर मुलांशी केलेली तुलना) आणि स्पेशियलला, म्हणजे आकार मनात फिरवण्या-दुमडण्याच्या भागाला, मात्र ४. काउन्सेलर म्हणाले आर्किटेक्चरचा विचार सोडा, कॉमर्स बघा. तिला तर लहानपणापासून आर्किटेक्टच व्हायचंय, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे, सोसायटीतल्या रांगोळ्या तिच्याच हातच्या. मग टेस्ट चुकली की आपण चुकतोय, आणि घरात मोठे दीर म्हणतात की मुलींना हे जमतच नाही, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देते. या एका आकड्यावरून आर्किटेक्चर सोडू नका. पण चार म्हणजे काहीच नाही, टेस्ट फालतू असते, असं म्हणून आकडा केराच्या टोपलीतही टाकू नका. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलांच्या या टेस्ट घेते आणि मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर तो याचा, की रिपोर्टवरचा एक आकडा बघून पंधरा वर्षांच्या मुलीची वाट बदलली जाते आणि तो आकडा कशाचा बनलाय हे कोणी उघडून बघतच नाही.

पहिलं म्हणजे ४ स्टेन म्हणजे १० पैकी ४ मार्क नव्हेत. हा गोंधळ इतक्या पालकांचा होतो की सेंटरवाल्यांनी रिपोर्टवर मोठ्या अक्षरात लिहायला हवं. स्टेनची सरासरी ५.५ असते आणि एक स्टेन म्हणजे अर्धं स्टँडर्ड डेव्हिएशन (मुलांचे मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप). ५ आणि ६ या दोन स्टेनमध्येच साधारण ३८ टक्के मुलं बसतात. ४ स्टेन म्हणजे साधारण १६ ते ३१ पर्सेंटाइलच्या मधलं कुठेतरी, म्हणजे शंभरातल्या १६ ते ३१ मुलांच्या पुढे, सरासरीपेक्षा थोडं खाली, नापास वगैरे काही नाही. त्यात कुठलीच टेस्ट काट्यावर तोलल्यासारखं मोजत नाही. समजा टेस्टची विश्वसनीयता, म्हणजे परत घेतली तर निकाल किती तसाच येतो त्याचं १ पैकी माप, ०.८० आहे, जी चांगली मानली जाते, तर मोजण्यातली चूकच जवळजवळ एका स्टेनची येते. म्हणजे आज ४ आले ते पुढच्या आठवड्यात आरामात ५ येऊ शकतात किंवा ३ सुद्धा. आणि ३ आणि ५ मध्ये सल्ला केवढा बदलतो ते बघा!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रिपोर्टवर 'स्पेशियल' लिहिलंय, पण टेस्टमध्ये नक्की काय करायला लावलं होतं? हे तिलाच विचारा, मुलांना बरोबर आठवतं. कारण या एका नावाखाली निदान दोन-तीन वेगवेगळी कामं खपतात. एक असतं फिरवणं, म्हणजे एक आकृती दिलीय, बाजूला तीच आकृती फिरवून ठेवलीय की उलटी केलीय ते ओळखा. काही बॅटरींमध्ये, म्हणजे टेस्टच्या संचांमध्ये, स्पेशियलचा अख्खा भाग एवढाच असतो, सपाट आकृत्या, मिनिटं मोजून चार-पाच आणि प्रश्न भरपूर. दुसरं असतं खरं व्हिज्युअलायझेशन, ज्यात मनातल्या मनात एकामागून एक पायऱ्या कराव्या लागतात: कागद घडी घाला, भोक पाडा, उलगडा, किंवा सपाट कापलेला पुठ्ठा दुमडून कुठला खोका तयार होईल ते सांगा. १९४७ मध्ये अमेरिकेत आलेल्या डिफरन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमधला स्पेस रिलेशन्सचा भाग हा असा पुठ्ठा दुमडण्याचा आहे. लिन आणि पीटरसन या दोघींनी १९८५ मध्ये तोपर्यंतचा अभ्यास एकत्र करून फिरवणं, व्हिज्युअलायझेशन आणि तिसरं स्पेशियल परसेप्शन, म्हणजे उभं-आडवं ओळखणं, असे तीन गट केले ते याचसाठी, कारण एकात हुशार माणूस दुसऱ्यात असेलच असं नाही. आर्किटेक्चरला जास्त लागतं ते दुसऱ्या प्रकारचं. प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) बघून सेक्शन (इमारतीचा उभा छेद) डोळ्यासमोर उभा करणं हे पायऱ्या-पायऱ्यांचं काम आहे, तिथे कोणी स्टॉपवॉच घेऊन बसत नाही. मग चार मिनिटांच्या सपाट आकृत्यांवरून तिथला निर्णय कसा घेणार?

फिरवण्याच्या टेस्टमागचा मूळ प्रयोग सुंदर आहे म्हणून सांगते. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि एकच प्रश्न विचारला, सारखी की वेगळी. उत्तराला लागणारा वेळ कोनाबरोबर सरळ रेषेत वाढत गेला, साधारण सेकंदाला ६० अंश या वेगाने, म्हणजे माणूस डोक्यात ती वस्तू खरंच फिरवल्यासारखी फिरवतो. पुढे १९७८ मध्ये व्हॅन्डेनबर्ग आणि कूज यांनी त्याच आकृत्यांची कागदावरची टेस्ट केली, एका प्रश्नाला चार पर्याय आणि त्यातले दोन बरोबर, दोन्ही सापडले तरच मार्क. आपल्याकडच्या मुलांना एकच पर्याय टिक करायची इतकी सवय असते की सूचना नीट न ऐकता ती एकच खूण करून पुढे जातात आणि स्कोअर कोसळतो, ते स्पेशियल कमी असल्यामुळे नाही. म्हणून सूचना कोणत्या भाषेत दिल्या, नमुन्याचे प्रश्न तिच्याकडून सोडवून घेतले का, हेही विचारा. मराठी माध्यमाच्या मुलाला भराभर इंग्रजी सूचना वाचून दाखवून टेस्ट सुरू केली तर आपण काय मोजतोय हाच प्रश्न आहे.

आता एक प्रश्न जवळून बघू, म्हणजे मी आकडा उघडून बघा का म्हणते ते कळेल. घरी चौकोनी कागद घ्या. उजवी बाजू डावीवर आणून घडी, मग खालची बाजू वर आणून घडी. आता वरच्या डाव्या बाजूला चार थरांची छोटी चौकोनी घडी झाली. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याशी एक भोक पाडलं. उलगडल्यावर भोकं कुठे? उत्तर, कागदाच्या चारही कोपऱ्यांशी. जी मुलं चुकतात ती एकसारखी चुकत नाहीत आणि मजा तिथेच आहे. काही जण दोनच भोकं सांगतात, त्यांच्या डोक्यातून दुसरी घडी निसटलेली असते, म्हणजे पायऱ्या धरून ठेवायला जड जातंय. काही जण चार भोकं बरोबर सांगतात पण खालच्या चौकोनातही भोक वरच्या डाव्या कोपऱ्यात काढतात, म्हणजे आरशासारखं उलटवायच्या ऐवजी जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलंय. आणि स्कॉलरशिपची तयारी केलेली मुलं घडीच्या कागदाचे असे सरळ प्रश्न खटाखट सोडवतात, कारण त्यांना नियम पाठ असतो. मग मी त्यांना तिरकी घडी देते. कागदाचा खालचा उजवा कोपरा वरच्या डाव्या कोपऱ्यावर आणायचा, आणि वरच्या कडेजवळ, मध्यापासून जरा डावीकडे भोक पाडायचं. दुसरं भोक निघतं उजव्या कडेजवळ, मध्याच्या जरा खाली. इथे पाठ केलेला नियम चालत नाही, इथे कागद खरोखर मनात उलगडावा लागतो, आणि इथे कळतं की मुलगी कुठे आहे.

रिपोर्टमध्ये या तिन्ही चुकांना शून्यच मिळतो. माझ्यासाठी मात्र त्या तीन वेगळ्या मुली आहेत आणि तिघींना करायचं काम वेगळं आहे.

वेळेचंही तसंच. पेपर फोल्डिंगची जी प्रसिद्ध टेस्ट आहे, ईटीएस या अमेरिकेतल्या टेस्ट बनवणाऱ्या संस्थेच्या १९७६ च्या किटमधली, तिच्यात २० प्रश्न दोन भागांत, प्रत्येक भागाला ३ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १८ सेकंद, आणि चुकलं तर थोडे मार्क वजा. काळजीपूर्वक काम करणारी मुलगी १२ प्रश्न सोडवते आणि बाराही बरोबर असतात, घाईची मुलगी वीस सोडवते आणि त्यातले तेराच बरोबर असतात. स्कोअर जवळपास सारखाच येतो पण दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा काउन्सेलरकडे जाऊन रॉ स्कोअर मागा: किती अटेम्प्ट केले, किती बरोबर, किती चूक. तो तुमचा हक्क आहे. अटेम्प्ट कमी आणि अचूकता चांगली असेल तर तिला टेस्टचा वेग जमला नाही एवढंच म्हणता येईल. सगळे प्रश्न अटेम्प्ट करून निम्मे चुकले असतील तर मग खरंच लक्ष घालायला हवं. सोबत हेही विचारा की नॉर्म्स कुठल्या आहेत, तुलना कोणाशी केलीय, कुठल्या साली, कुठल्या इयत्तेच्या, शहरातल्या की गावाकडच्या मुलांशी. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. परदेशी टेस्ट उचलून तिकडच्या नॉर्म्स लावलेल्या मी पाहिल्यात आणि ते अजिबात योग्य नाही. आपल्याकडे यावर मनापासून काम झालेलं आहे. भाटियांची कृती-चाचण्यांची बॅटरी १९५५ ची, तिच्यात ठोकळे जुळवणं आहे आणि ती भारतातल्या मुलांवर, अगदी न शिकलेल्या मुलांचासुद्धा विचार करून बेतलेली होती. नंतर मालिन यांनी नागपुरात राहून वेश्लर यांची मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इथल्या मुलांसाठी बसवली. त्यांनी तेव्हा एवढी मेहनत घेतली, मग आपण आज नॉर्म्स विचारायला का लाजायचं?

ठोकळ्यांच्या टेस्टचा मोठा फायदा हा की मूल काम करताना दिसतं. कागदावरच्या टेस्टमध्ये फक्त टिक दिसते. म्हणून शंका आली की मी मुलांना मोठ्याने बोलत सोडवायला लावते. कोणी मान तिरकी करतं, कोणी बोटं हवेत फिरवतं, कोणी आकृती फिरवतच नाही, नुसतं 'इथे तीन ठोकळे, मग डावीकडे वळण, तिकडे दोन' असं मोजत जातं. ही मोजण्याची पद्धत चुकीची नाही, पण सावकाश आहे, त्यामुळे वेळेच्या टेस्टमध्ये मार खाते. ही माहिती कुठल्याही स्टेनपेक्षा मला जास्त सांगून जाते.

आता तुमचा खरा पेच, म्हणजे इंटरमिजिएटला ए ग्रेड आणि स्पेशियलला ४, असं कसं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. रंग, पोत, आकाराचे बारकावे डोळ्यासमोर लख्ख उभं राहणं वेगळं आणि वस्तूंची एकमेकांत रचना काय, ती फिरवली किंवा कापली तर काय होईल हे कळणं वेगळं. कोझेव्हनिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे दाखवलं, चित्रकारांमध्ये पहिल्या प्रकारचे लोक जास्त सापडले आणि शास्त्रज्ञ-इंजिनिअरांमध्ये दुसऱ्या. तेव्हा रांगोळी सुंदर येते म्हणून स्पेशियल भारीच असणार हे गृहीत धरू नका, आणि स्पेशियल ४ आलं म्हणून तिच्या चित्रकलेवरही शंका घेऊ नका. एक सोपी गोष्ट करा. इंटरमिजिएटला स्टिल लाइफ, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन यांच्यासोबत भूमितीचा भाग असतो, त्यात घनभूमितीही येते. तो भाग तिला कसा गेला ते विचारा. आवडीने सोडवला की कसाबसा उरकला? आर्किटेक्चरच्या दृष्टीने तिच्या ए ग्रेडपेक्षा मला या प्रश्नाचं उत्तर ऐकायला आवडेल.

दीरांच्या बोलण्याबद्दल. सरासरीत फरक दिसतो हे खरं आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. सगळ्यात मोठा फरक त्रिमितीय आकृत्या फिरवण्यात दिसतो, आणि घडी-उलगडीसारख्या व्हिज्युअलायझेशनमध्ये तो अगदी थोडा आहे. वेळेचं बंधन सैल केलं की फिरवण्यातलाही कमी होतो. आणि सरासरीचा फरक हा सरासरीचा, तुमच्या घरातल्या मुलीचा नाही, दोन्हीकडची मुलं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की नुसतं मुलगी आहे म्हणून काहीच सांगता येत नाही. ज्या मुलाला पाचव्या वर्षापासून मेकॅनो आणि ठोकळे मिळाले आणि ज्या मुलीला भातुकली मिळाली त्यांची तुलना करून 'जमतच नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं आणि ते तिच्यासमोर तर बोलूच नका, परीक्षेआधी असं ऐकून मुली टेस्टमध्ये खरंच बिचकतात.

आणि ही क्षमता वाढते. अटॅल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून बघितले, सरावाने सरासरी जवळजवळ अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनची वाढ निघाली, म्हणजे आपल्या भाषेत साधारण एक स्टेन. वाढ टिकते, आणि ज्या प्रकारचा सराव केला त्याच्या बाहेरच्या प्रश्नांतही दिसते. अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सोर्बी यांनी १९९३ पासून हेच केलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ३० प्रश्नांची फिरवण्याची टेस्ट घ्यायची आणि ज्यांना ६० टक्क्यांपर्यंतच मार्क पडले त्यांना घरी न पाठवता छोटा कोर्स द्यायचा, त्यात मुलींची संख्या मोठी होती. कोर्स केलेल्यांचे पुढच्या ग्राफिक्सच्या विषयातले मार्क सुधारले आणि इंजिनिअरिंगमध्ये टिकून राहण्याचं प्रमाणही. टेस्ट वापरायची तर अशी, मुलाला कुठे हात द्यायचा हे कळण्यासाठी. आपल्याकडे पहिल्या वर्षाला ईजीत (इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये) बॅक राहिलेली किती हुशार मुलं असतात, त्यातल्या कित्येकांना कोणी आधी दोन महिने सराव दिला असता तर ती वेळ आली नसती.

सोर्बींच्या कोर्समधली मला पटलेली गोष्ट म्हणजे हाताने स्केच काढणं. नुसतं स्क्रीनवर मॉडेल फिरवून तेवढा फायदा होत नाही, कारण फिरवायचं काम कॉम्प्युटरच करतो. घरी रोज वीस मिनिटं पुरे. टूथपेस्टचा खोका घ्या, उघडण्याआधी तो सपाट केला तर कसा दिसेल ते तिने काढायचं, मग उघडून ताडून बघायचं. पनीरचा चौकोनी ठोकळा घ्या, कोपरा कापला तर कापलेला भाग त्रिकोणी दिसेल हे सगळे सांगतात, पण असा एकच काप सांग ज्यात षटकोन मिळेल म्हटलं की घर अर्धा तास गप्प बसतं. मिळतो, ठोकळ्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मनात धरायची आणि बरोबर मध्यावर तिच्याशी काटकोनात कापायचं. तिरकं कापलेलं गाजर, भोपळी मिरचीच्या चकत्या, सगळं आधी कागदावर, मग सुरी. कापल्यावर आतला आकार कसा दिसेल हे विचारणारी टेस्ट अमेरिकेत १९३९ पासून आहे, त्यामुळे हा निव्वळ खेळ समजू नका. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे तीन पायांचा पोळपाट. वरून गोल, ते सोपं आहे. आता एक पाय बरोबर आपल्याकडे येईल असा ठेवा आणि समोरून काढायला सांगा, तीन पाय दिसतात. तोच पोळपाट न हलवता बाजूने काढायला सांगा, दोनच दिसतात, कारण मागच्या दोन पायांतला एक दुसऱ्याच्या आड जातो. हे तिने न बघता आधी कागदावर बरोबर काढलं तर प्लॅन आणि एलेव्हेशनचं (समोरून-बाजूने दिसणाऱ्या रूपाचं) बीज तिच्यात आहे हे मी छातीठोकपणे सांगेन.

हे दोन-तीन महिने करा आणि मग परत टेस्ट द्या. तीच टेस्ट लगेच परत देऊ नका, कारण नुसती ओळख झाल्यानेही स्कोअर वाढतो आणि आपली फसगत होते. त्याच टेस्टचा दुसरा फॉर्म (वेगळ्या प्रश्नांचा संच) किंवा दुसरी टेस्ट घ्या, त्यात एक तरी घडी-उलगडीची किंवा खोक्याची असू दे, आणि शक्य असेल तर एकदा वेळ लावून आणि एकदा वेळेविना. वेळेविना चांगली आली तर निर्धास्तपणे अकरावी सायन्स घ्या आणि नाटाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागा. दोन्हीकडे कमीच आली, सरावात तिला कंटाळा येत राहिला, खोके-ठोकळे बघून कपाळाला आठ्याच पडत राहिल्या, तर मग तिच्याशी मोकळेपणी बोला, कारण ही क्षमता महत्त्वाची आहे हेही तितकंच खरं आहे. अमेरिकेत १९६० मध्ये शाळेतल्या लाखो मुलांच्या टेस्ट घेऊन पुढे अकरा वर्षांनी कोण कुठे पोचलं ते बघितलं होतं. २००९ मध्ये त्या माहितीचं विश्लेषण पुन्हा आलं तेव्हा दिसलं की गणित आणि भाषेचे मार्क धरूनसुद्धा स्पेशियलचा स्वतःचा वेगळा वाटा आहे, विज्ञान-इंजिनिअरिंगकडे गेलेली मुलं तिथे वर होती. तशी वेळ आलीच तर चित्रकलेचा तिचा हात कम्युनिकेशन डिझाइन, टेक्स्टाइल, इलस्ट्रेशन यांत सोन्यासारखा आहे. कॉमर्स हा त्यावरचा सल्ला कसा झाला ते मला अजूनही कळलेलं नाही.

एवढ्यात कोणी बोटांचे ठसे घेऊन क्षमता सांगतो म्हणालं तर पैसे देऊ नका, त्याला शास्त्रीय आधार नाही. आणि नुसती आवड तपासणारी कल चाचणी क्षमता सांगत नाही, तीही या प्रश्नाचं उत्तर देणार नाही.

काउन्सेलरकडे जाताना भांडायला जाऊ नका, चार गोष्टी लिहून न्या: टेस्टचं नाव, स्पेशियलच्या भागात कोणत्या प्रकारचे प्रश्न होते, अटेम्प्ट आणि बरोबर किती, नॉर्म्स कोणत्या. चांगला काउन्सेलर या प्रश्नांनी खूश होतो. ती उत्तरं मिळाली की इथेच लिहा, आणि पोळपाटाचं तिने काढलेलं स्केचही टाका, मी बघून सांगते.